कासवटेकडीवरचे दिवे

९ फेब्रुवारी २००६. निंगबो, घरी.

नव्या वर्षाची सुट्टी संपली. नवी वही काढली. संकल्प तीन. रोज लिहायचं. सिगारेट अर्ध्यावर आणायची. बाबांचं काम स्वतः उभं राहून करायचं. तिन्ही पक्के.

बाबांचं काम म्हणजे काय, ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोकं मोकळं राहील. आमच्या लानपू तालुक्यात नवा औद्योगिक विभाग होतोय. आमचं यानजिया गाव गेल्या वर्षीच उठलं. आता गावामागची कासवटेकडी सपाट करणार. टेकडीवर जितकी थडगी, तितक्यांवर लाल रंगाने नंबर टाकलेत. ३१ मार्चच्या आत घरच्यांनी येऊन अस्थी उचलायच्या आणि नव्या स्मशानभूमीत न्यायच्या. जे येणार नाहीत त्यांची माणसं बेवारस धरणार. बाबांचा नंबर २१७.

शिऊमेई ताईचा लानपूहून फोन होता. म्हणाली, बाओचेंग, तू एकुलता मुलगा, पहिलं हाड तुझ्याच हाताने उचललं गेलं पाहिजे, कधी येतोस? म्हटलं, अगं, पन्नास दिवस आहेत. तर म्हणे, तुझे पन्नास दिवस मी चांगले ओळखते, आईच्या वेळीही होतेच की. हे तिने बोलायला नको होतं. आईच्या वेळी बस चुकली होती.

आई जाऊन तीन वर्षं झाली. तिचा कलश ताईच्या कपाटात आहे, रजयांच्या वरच्या फळीवर. आईची इच्छा एकच होती, बाबांच्या शेजारी जागा. नव्या स्मशानभूमीत नवरा-बायकोला जोडजागा देतात. म्हणजे एका फेरीत दोन्ही कामं होतात.

अस्थींना ऊन लागू द्यायचं नसतं. उचलताना वर काळी छत्री धरतात. दुपारीच जाऊन उत्तम प्रतीची काळी छत्री आणली. लाकडी मूठ. म्हणजे निम्मं काम झालंच.

१४ फेब्रुवारी. बसमध्ये.

लानपूलाच चाललोय, पण कंपनीच्या कामाने. विभागाच्या मुख्य रस्त्यावर दिव्यांचे सहाशे वीस खांब लागणार आहेत. ऑर्डर मिळाली तर मी दक्षिण झेजियांगचा सेल्स मॅनेजर, नाही मिळाली तर आहे तोच.

पूर्वी या प्रवासाला नऊ तास लागायचे. दोन बसगाड्या, एक होडी आणि मांडीवर कुणाची तरी कोंबडी. आता तीन तास. इतका वेळ वाचतो की त्याचं करायचं काय ते कळत नाही. मी झोपतो.

डोळा लागला तर बाबा दिसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. डावा पाय तसाच वाकडा, जलाशयाच्या बांधावर दगडाखाली सापडून मोडला होता तसा. म्हणाले, बाओचेंग, पाय ओले झालेत रे. मी तोंड उघडणार तोच टोलनाका आला आणि जाग आली.

आमच्याकडे म्हणतात, थडग्यात पाणी शिरलं की माणूस स्वप्नात येऊन तक्रार करतो. मी असलं मानत नाही. शेजारच्या माणसाच्या डब्यातला चहा माझ्या बुटावर सांडला होता, एवढंच. मोजे बदलले.

१५ फेब्रुवारी. लानपू.

स्टँडवर उतरलो आणि दोन मिनिटं कळेना की बरोबर गावात उतरलोय की नाही. जिथे बैलबाजार भरायचा तिथे बावीस मजली बँक. नकाशा विकणारी बाई म्हणाली, जानेवारीचा हवा की फेब्रुवारीचा? जानेवारीचा स्वस्त आहे पण त्यात दोन पूल नाहीत. मी इथला जन्मलेला माणूस, मला काय करायचा नकाशा, असं म्हणून पुढे गेलो. मग परत येऊन फेब्रुवारीचा घेतला.

विभागाचे प्रमुख बान साहेब भेटले. मोकळा माणूस. जमीन मोकळी करणं आणि रस्ता उजळणं, दोन्ही खाती त्यांच्याचकडे. कॅटलॉग पाहिला, चारशे वॅटचा दिवा आवडला. कुठले तुम्ही, असं विचारलं. मी म्हटलं, निंगबोचा. खोटं नाही, कार्ड निंगबोचंच आहे. इथलाच म्हटलं की लोक भाव पाडतात.

निघताना पाऊस. बान साहेबांकडे छत्री नव्हती. माझा हात आपोआप पुढे झाला. छत्री उघडून पाहिली आणि म्हणाले, तुम्ही माल चांगला ठेवता. हे दिव्यांनाही लागू असावं.

टेकडी इथून बारा किलोमीटर. आज जाऊन पाहणार होतो, पण पायात चामडी बूट आणि सगळीकडे लाल चिखल. पुढच्या वेळी रबरी बूट आणायचे. वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: रबरी बूट. छत्री.

३ मार्च. निंगबो.

ताईचा फोन. तुझं होत नसेल तर मी उचलते, म्हणाली. मी पण त्यांचीच ना? सोळा वर्षांची होते तेव्हा त्यांचा मोडका पाय रोज तेलाने चोळलाय मी, तू तर त्या वासाने बाहेर पळायचास.

मी स्पष्ट सांगितलं, ताई, हे चालणार नाही. लग्न झालेल्या मुलीने बापाच्या अस्थी उचलल्या तर लोक म्हणतील यानांच्या घरात मुलगाच नव्हता. ती म्हणाली, कुठले लोक? गाव उठलं, सगळे चौदाव्या मजल्यावर राहायला गेले, तिथे लिफ्टमध्ये कोणी कुणाला ओळखत नाही. पण तत्त्व ते तत्त्व.

ताईचा स्वभाव मला माहीत आहे. गुपचूप जाऊन उरकेल. म्हणून लगेच विभागाच्या कार्यालयाला फॅक्स पाठवला. थडगं क्रमांक २१७ च्या अस्थी एकुलत्या मुलाखेरीज अन्य कोणाही व्यक्तीच्या ताब्यात देण्यात येऊ नयेत, सदर मुलगा समक्ष हजर राहील. कंपनीच्या कागदावर टाइप केला आणि खाली कंपनीचा गोल लाल शिक्का मारला. साध्या कागदाला सरकारी माणूस विचारत नाही. वाचून पाहिला. भाषा उत्तम जमली आहे. बाबांना शाळा मिळाली नव्हती, त्यांना अभिमान वाटला असता.

आज सिगारेट नऊ. फॅक्स लागत नव्हता म्हणून.

२२ मार्च. लानपू.

आज गेलोच. रबरी बूट घातले, नवी छत्री घेतली (पहिली बान साहेबांकडून परत मागणं बरं दिसलं नसतं). पंचांग मात्र बघायचं राहिलं. टॅक्सीत बसल्यावर पाहिलं तर लिहिलेलं, आज माती हलवू नये. म्हटलं, निदान जागा बघून येऊ.

टॅक्सीवाला हनान प्रांतातला, इथे येऊन चार महिने. मला विचारतो, कुठे घेऊ? मी म्हटलं, जुन्या दगडी पुलावरून डावीकडे. पूल नाही. म्हटलं, कापराचं मोठं झाड आहे, आठ जणांच्या कवेत न मावणारं. झाड नाही. वीटभट्टीची चिमणी, ती तर पाच कोसांवरून दिसायची. तीही नाही. नदी कुठाय विचारलं तर तो म्हणाला, साहेब, मी आलो तेव्हापासून इथे नदी नाही.

सरळ, रुंद, रिकामा रस्ता. दोन्ही बाजूंना कुंपण आणि कुंपणावर आठ वर्षांनी जे दिसणार त्याची चित्रं. चित्रांत झाडं आहेत आणि गोऱ्या बायका बाबागाड्या ढकलतायत. अडीच तास फिरलो. एकदा वाटलं दूर टेकडी दिसली, पण तो मुरुमाचा ढीग होता.

ड्रायव्हर म्हणाला, तुम्ही इथले ना हो? मी म्हटलं, छे, निंगबोचा. पोरवयात या वाटेवरून मी अनवाणी, डोळे मिटून गेलोय. पेट्रोलचा वास फार होता गाडीत. खिडकी उघडली.

छत्री टॅक्सीत राहिली.

३० मार्च. निंगबो.

मुदत वाढली! ३० एप्रिलपर्यंत. मी म्हणत होतोच. घाई करणाऱ्यांचं नेहमी नुकसान होतं. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, हो, मला माहीत आहे, मी तीन दिवस त्या कार्यालयात बसून अर्ज केला म्हणून वाढली.

५ एप्रिल. लानपू. छिंगमिंग.

आज सगळा मुलूख पूर्वजांच्या थडग्यांवर. मलाही जायचं होतंच. तिसरी छत्री, बूट, कागदी नोटा, धूप, बाबांच्या आवडीची तांदळाची दारू, सगळं पिशवीत घेऊन हॉटेलातून निघालो. तर बान साहेबांचा फोन, दुपारच्या जेवणाला या, करार आजच करून टाकू. नाही म्हणायचं कसं? बाबाच म्हणाले असते, जा.

टेबलावर बारा पदार्थ. बांबूचे कोंब, वाफवलेला मासा, मासा बरोबर माझ्याकडे तोंड करून. म्हणजे पहिला पेला माझा. पिशवी मी खुर्चीखाली सरकवली होती, धुपाचा वास येऊ नये म्हणून. कराराच्या टेबलावर थडग्याचा विषय काढणं म्हणजे अपशकुन. सही व्हायची होती.

बान साहेब खुशीत होते. म्हणाले, कासवटेकडीवर तीनशे होती, बहुतेकांच्या घरचे आले आणि शहाण्यासारखे घेऊन गेले. आता चाळीसेक उरलीत, त्यांचं कोणीच नाही. बेवारस. आज छिंगमिंग असून एकही माणूस तिकडे फिरकला नाही, माझा माणूस सकाळपासून तिथे बसलाय. मग पेला उचलून म्हणाले, चला, सपाट जमिनीच्या नावाने!

सगळे उठले. मीही उठलो. खुर्चीखालच्या पिशवीत माझा पाय अडकला आणि बाटली किणकिणली. एका घोटात रिकामा केला पेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, निंगबोचा माणूस आणि एवढी पितो.

करार झाला. सहाशे वीस खांब. मी सेल्स मॅनेजर.

बाबांची दारू जेवणानंतर बान साहेबांनीच पाहिली, अरे वा, ही आणली होती तर लपवली कशाला, म्हणाले. तीही संपली.

६ एप्रिल. बसमध्ये.

डोकं जड. डुलकी लागली. बाबा कावड खांद्यावर घेऊन उभे. एका बाजूला रजई, दुसऱ्या बाजूला भांडी. लंगडत रस्ता ओलांडायला बघतायत पण रस्ता संपतच नाही. मला म्हणाले, कोण हो तुम्ही, यानजियाला कसं जायचं? मी त्यांना नकाशा दिला. एप्रिलचा.

जागा झालो तर रडत होतो. शेजारची बाई म्हणाली, काय झालं? म्हटलं, कांदा. ती म्हणाली, कुठे आहे कांदा?

सिगारेट मोजणं बंद करतोय. मोजल्याने वाढतात.

पण विचार केला तर एक गोष्ट लक्षात येते. बाबा गेले चौऱ्याऐंशीत आणि गावात वीज आली पंच्याऐंशीत. आयुष्यभर मोहरीच्या तेलाची वात. मी वाचत बसलो की म्हणायचे, दिवा विझव, तेल जातंय. आणि आज त्यांचाच मुलगा त्यांच्या टेकडीवर चारशे वॅटचे दिवे लावतोय. धूप आणि कागद काय, कोणीही जाळतं. हे केवढं मोठं आहे! हे सुचल्यावर बरं वाटलं. नूडल्स खाल्ले.

२० एप्रिल. निंगबो.

कंपनीतून मालकांनी झापलं. खांब क्रमांक ११२ ते १२४ चे खड्डे अजून खणलेले नाहीत, माल गोदामात पडून आहे, तुम्ही मॅनेजर कशाचे? चौकशी केली तर कळलं, ते तेरा खांब टेकडीच्या जागी येतात आणि टेकडी अजून थोडी शिल्लक आहे.

विभागाला पत्र लिहिलं. नम्र पण ठाम. सदर ठिकाणचे अडथळे तातडीने दूर करून जागा ताब्यात द्यावी, विलंबास आमची कंपनी जबाबदार राहणार नाही. अडथळे हा शब्द लिहिताना पेन अडलं. शाई संपत आली होती. दुसरं पेन घेतलं.

मी ३० तारखेच्या आत जाणारच आहे, तेव्हा या पत्राचा आणि त्याचा काही संबंध नाही.

२९ एप्रिल. ग्वांगझौ.

लानपूचं तिकीट काढलेलं होतं. वहीला साक्ष ठेवून सांगतो, काढलेलं होतं. मालक म्हणाले, प्रदर्शनातल्या स्टॉलवर माणूस कमी आहे, विमानाने जा. मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो. खाली ढग. वाटलं, इथून तरी कासवटेकडी दिसेल. एअर होस्टेसला विचारणार होतो. छत्री आत नेऊ दिली, हे एक बरं झालं.

ताईला फोन केला, उद्याचं काही जमत नाही, तूच जा. तत्त्व बाजूला ठेव, मी परवानगी देतो. ती म्हणाली, परवानगी देतोस होय. बरं.

३० एप्रिल. ग्वांगझौ.

ताईचा फोन दुपारी बाराला. आवाज शांत. शांत असली की भीती वाटते.

म्हणाली, सकाळी सातला गेले. मडकं घेऊन, लाल कापड घेऊन, छत्री घेऊन. आईचा कलशही घेतला, म्हटलं तिला बघू दे. तिथल्या बाबूने फाइल काढली आणि तुझा फॅक्स मला वाचून दाखवला. एकुलत्या मुलाखेरीज अन्य कोणाही व्यक्तीच्या. मोठ्याने वाचला, सगळ्यांसमोर. वर म्हणाला, बाई, इतका कडक कागद या फाइलीत दुसरा नाही, शिक्का बघा. मी त्याच्या पाया पडायचीच राहिले, बाओचेंग.

मी म्हटलं, मी आत्ता दुसरा फॅक्स करतो. ती म्हणाली, कार्यालय बाराला बंद झालं, उद्यापासून मे महिन्याची सात दिवस सुट्टी. बाबू म्हणाला, आठ तारखेला उघडू, मुलगा आला तर बघू.

म्हणजे आठ दिवस मिळाले! ताईला हे म्हटलं. तिने फोन ठेवला.

९ मे. लानपू.

काल आठ तारीख होती हे खरं. पण सुट्टीवरून परतणाऱ्यांची गर्दी, उभं राहायलाही जागा नव्हती. एका दिवसाने काय होतं.

टॅक्सीवाल्याला या वेळी झाड, पूल, चिमणी काही सांगितलं नाही. म्हटलं, खांब क्रमांक ११७. तो म्हणाला, असं नीट सांगायचं ना साहेब. वीस मिनिटांत पोचवलं.

खांब ११७ उभा होता. ११२ ते १२४ सगळे उभे होते. आमचंच काम, रांग एकदम सरळ. खाली लाल माती, तवा पालथा घातल्यासारखी सपाट. भर दुपारी बारा वाजता सगळे दिवे चालू होते. रोलरवरच्या माणसाला विचारलं, दिवसा का लावलेत? म्हणाला, आज मोठे साहेब बघायला येणार आहेत, ते रात्री येत नाहीत.

मी विचारलं, इथे टेकडी होती. तो म्हणाला, सुट्टीतच काढली, तीन पाळ्या लावून. दिव्यांच्या कंपनीने कडक पत्र दिलं होतं म्हणे.

मी खांबाला टेकून उभा राहिलो. खांब गरम होता. छत्री उघडली, का ते माहीत नाही. मग मिटली.

१० मे. लानपू.

टेकडीवरच्या अस्थी विभागाच्या गोदामात ठेवल्याचं कळलं. ताई तिथे आधीच येऊन उभी होती. काखेत आईचा कलश, लाल कापडात. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, बारीक झालास.

गोदामवाला म्हणाला, बेवारस सगळे आत आहेत, उद्या एका खड्ड्यात जाणार. मडकी कमी पडली म्हणून खोक्यांत भरलेत. आत गेलो. रांगेने खोकी. एकेचाळीस. आमचीच. चारशे वॅटच्या दिव्यांची. प्रत्येकावर आमच्या कंपनीचा सोनेरी सूर्य, बाण, ही बाजू वर, काळजीपूर्वक हाताळा, जिथे आम्ही तिथे अंधार नाही. आणि खाली संपर्क म्हणून माझं नाव आणि माझा मोबाइल नंबर.

ताईने ते बोटाने वाचलं. म्हणाली, बेवारस कसे रे, पत्ता तर आहे.

मी म्हटलं, २१७ कुठाय? तो म्हणाला, नंबर दगडांवर होते, दगड भरावात गेले. यादी जुन्या कार्यालयात होती, ते कार्यालय मार्चमध्ये पाडलं. मी घाबरलो नाही. ताईला म्हटलं, काळजी करू नकोस, बाबांचा डावा पाय. मोडून वाकडा जुळलेला. लाखांत ओळखू येईल. ही युक्ती मला ऐनवेळी सुचली याचं मला आत्ताही कौतुक वाटतं.

गोदामाचं दार लावून घेतलं, ऊन नको म्हणून. ताईने छत्री धरली. मी एकेक खोकं उघडत गेलो. पाचवं उघडलं आणि ओरडलो, ताई, सापडले! डाव्या नडगीला गाठ, हाड तिरकं जुळलेलं. दोघंही खाली बसलो. ताईने त्या हाडावरून हात फिरवला, तेल लावायची तसा. मी मोठ्याने रडलो, इथे लिहायला लाज नाही.

गोदामवाला म्हणाला, बाकीची बघा तरी.

अकराव्यात तसंच. चौदाव्यात तसंच. एकेचाळीस खोक्यांत सात डावे पाय मोडलेले, तिरके जुळलेले. ताई हळूच म्हणाली, बांधावर सगळं गावच होतं ना. दगड काय फक्त आपल्याच बाबांवर पडले? मग आईचा कलश मधे ठेवून म्हणाली, आई, तूच सांग बाई. आम्ही दोघं थांबलो. खरंच थांबलो, पाच-दहा मिनिटं.

११ मे. लानपू.

ताईशी रात्री ठरलं. एक उचलला आणि चुकला तर आई कायमची परक्या माणसाशेजारी. सातही न्यायचे.

कार्यालयात विशीतली मुलगी बसली होती. प्रत्येकाला वेगळा फॉर्म. मृताशी नातं: एकुलता मुलगा. सात वेळा लिहिलं. तिने फॉर्म पाहिले, मला पाहिलं. म्हणाली, आजोबा, एका माणसाला सात वडील नसतात. (आजोबा! मी एक्केचाळीसचा आहे.) मी तिला समजावलं, बाई, चाळीस जणांना एकही मुलगा नाही म्हणता, मग एका मुलाला सात झाले तर तुमचा हिशेब सुधारतोच की. तिने बान साहेबांना फोन लावून दिला.

बान साहेब ओरडलेच. अहो यान साहेब, तुमचे वडील! आमच्या टेकडीवर! आधी बोलायचं नाही का? छिंगमिंगला माझ्या शेजारी बसला होतात, जेवण टाकून मी स्वतः तुम्हाला गाडीने नेलं असतं. माझ्या आईला मी गेल्या वर्षी असंच हलवलंय, मला कळत नाही का? एक शब्द, एक शब्द बोलायचा होतात. मग म्हणाले, आणि तुमची छत्री माझ्याकडे आहे, राहूनच गेली.

मी म्हटलं, राहू द्या, माझ्याकडे आहे.

सात फॉर्मवर सात शिक्के मिळाले. नवी स्मशानभूमी डोंगराच्या उतारावर, सिमेंटच्या पायऱ्या, पायऱ्यांनाही नंबर. आईला मधे ठेवलं, तीन एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. ताई म्हणाली, आईला आवडायचं नाही हे, तिला फार लाज. मग हसली, आणि हसता हसता तिला थांबवेना. वर रस्त्याच्या वळणावर दिव्याचा खांब आहे. ऑर्डर आमचीच.

निघताना ताईने पाठीवर हात ठेवला आणि तिच्या चौदाव्या मजल्यावर गेली.

१२ मे. बसमध्ये, निंगबोकडे.

सगळं मार्गी लागलं. आता झोप शांत लागेल, असं लिहून वही मिटली आणि डोळा लागला.

लांब, सरळ रस्ता. भर दुपार आणि दिवे चालू. प्रत्येक खांबाखाली एकेक माणूस उभा. सात जण. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, सगळ्यांचे डावे पाय वाकडे. उजेड लागतो म्हणून सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरलेले, तोंड एकाचंही दिसेना. त्यातला कोणीतरी म्हणाला, दिवा विझव रे, तेल जातंय. मी बाबा, बाबा करत धावलो. पण त्या काळी सगळेच बाप असं म्हणायचे.

आणि माझ्याकडे छत्री एकच होती.